हृदयाची झडप

साठ सालच्या आसपास मी यवतमाळला सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. आम्ही मुकुटबन, पांढरकवड्याकडून आलेल्या पन्नासेक मुली एका लांबलचक खोलीत बसायचो. शिकवायला पुण्याचे तरुण डॉक्टर होते. ते फळ्याकडे तोंड करून बोलायचे आणि शेवटी विचारायचे, "समजलं?" आम्ही एका सुरात "हो" म्हणायचो. मागच्या बाकांवर डुलक्या चालायच्या.

रक्ताभिसरणाचा धडा चालू होता. धम्म घेतल्यापासून माझे बाबा एकच सांगायचे, जे समजत नाही ते विचारायचं. त्या दिवशी मी उभी राहिले.

"मले नाही समजलं, सर. रक्त या खोलीतून त्या खोलीत जाते म्हणता, मंग वापस काहून नाही येत?"

डॉक्टरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या सगळ्या अंगणात या."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर अंगणात फक्कीनं कबड्डीच्या मैदानाएवढं हृदय आखलेलं! चार खोल्या, मधे दारं. बाजूला फुप्फुसं म्हणून दोघी पळसाच्या फुलांच्या टोपल्या घेऊन उभ्या. बाकी सगळ्या रक्त. फुप्फुसात फूल, म्हणजे प्राणवायू, घ्यायचं, हृदयातून पळायचं, निंबाखाली शरीर होऊन बसलेल्या मुलीला ते द्यायचं, रिकाम्या हातानं परत यायचं. डाव्या बाजूच्या दोन खोल्यांमधली झडप मी, मागे येणाऱ्यांना हात आडवे करून अडवणारी.

"पुढे जाऊ द्यायचं, मागे नाही," त्यांनी मला बजावलं. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "आता तू दमलीस. सोड हात."

मी हात सोडले. मुली मागे फिरल्या, मागून येणाऱ्यांवर आदळल्या, फुप्फुसात ही रेटारेटी.

"आता पेशंटला काय होईल?"

"दम लागंन!" चार-पाच जणी एकदम ओरडल्या. डॉक्टरांनी टाळीच वाजवली.

तेवढ्यात दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांच्या वरच्या मेट्रनबाई आल्या. त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं आम्ही गारठायचो. सगळ्या जागच्या जागी थिजल्या.

"हे काय चाललंय?"

"मेट्रनबाई, रक्त थांबलं तर माणूस मरेल," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि टोपलीतलं फूल उचलून रांगेत लागल्या. माझ्या दारातून जाताना मला म्हणाल्या, "नीट उभी राहा गं!"

त्यानंतर तासाला कुणी पेंगलं नाही. प्रश्न विचारता विचारताच तास संपल्याची घंटा व्हायची, आणि डॉक्टर कुरकुरायचे, "पोरींनो, मला धडा तरी संपवू द्या!" कुरकुरताना मात्र हसत असायचे.