दुर्बिणीचा उजवा डोळा

माझी धाकटी लेक हल्ली पाणी ओतताना बाटलीचं तोंड आधी पेल्याच्या काठाला टेकवते. टक् असा आवाज झाला की मगच ओतते. पाणी सांडत नाही, काही बिघडत नाही, तरी तो आवाज ऐकला की मी हातातलं काम थांबवते. तिच्या उजव्या डोळ्याचं काय झालंय हे या घरात दोघींनाच ठाऊक आहे, तिला आणि मला. आणि उद्या सकाळी अकरा वाजता ती एका मुलीच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर लेसर चालवणार आहे.

तिला आम्ही दुर्बीण म्हणतो. नाव ठेवलं यांनी, ती पाच वर्षांची असताना. यांच्या चष्म्याचा तिळाएवढा स्क्रू फरशीवर पडला होता. आम्ही दोघं गुडघे टेकून अर्धा तास शोधत होतो. ती दारातून आली, म्हणाली, "तो काय," आणि उचलून यांच्या तळहातावर ठेवला. तेव्हापासून सुईत दोरा ओवायचा, हातात घुसलेलं कुसळ काढायचं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची, सगळ्याला हाक एकच, "दुर्बीण, इकडे ये."

तिने शिकावं असं मला फार वाटायचं. मी पदवी घेऊन जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले. वाटलं होतं, ही निदान ती उघडून वाचेल. दुसऱ्या वर्षाला तिने कॉलेज सोडलं आणि कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये भुवया कोरायला शिकली. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर दोरा घेऊन बसली. "आई, तू पुस्तकांच्या पाठी ओळखतेस, मी माणसांची तोंडं. धंदा एकच आहे. बस इथे, तुझी डावी भुवई उजवीवर रुसलीय." मी हसले, आणि तिथेच हरले.

पार्लरमधून ती त्वचेच्या डॉक्टर मॅडमच्या क्लिनिकमध्ये गेली. मॅडमनी तिला लेसरने नको असलेले केस काढायला शिकवलं. सहा वर्षं झाली. तिची खोली मी पाहिली आहे. खिडकीला काळा कागद, मध्ये वरखाली होणारी खुर्ची, दोन बाजूंना दोन यंत्रं आणि भिंतीवर दोन खिळे. घरी येऊन ती गमती सांगायची. "आई, माझ्याकडे येणाऱ्या एकाही बाईला मिशी नसते. सगळ्या मैत्रिणीचं म्हणून विचारायला येतात, आणि स्वतःच खुर्चीत झोपतात." तिचा हात हलका म्हणून बायका तिचीच वेळ मागायच्या. विशेषतः भुवयांच्या मधलं आणि खालचं काम. ते डोळ्याला इतकं लागून असतं की बाकीच्या मुली नको म्हणायच्या. ही नाही म्हणाली नाही कधी.

आता जे झालं ते मला तिच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं, ते सरळ लिहिते.

त्या दोन यंत्रांचे प्रकाश वेगळे आहेत. एक गोऱ्या कातडीसाठी, दुसरं सावळ्या. दुसऱ्याचा मारा तर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून चालवणारीने घालायचे गॉगलही दोन. एकाचा गॉगल दुसऱ्याचा प्रकाश अडवत नाही. कोणता कशाचा, हे काचेच्या कडेला बारीक आकड्यांत छापलेलं असतं. बाकी दोन्ही सारखेच काळपट. आमच्या धाकट्या बाईसाहेबांना स्वच्छतेचं वेड. गॉगलला क्रीमचं बोट लागलं की स्पिरिटचा कापूस. दिवसातून दहा वेळा. दोन वर्षांत आकडे पुसून गेले. मग तिने युक्ती काढली. नखांच्या रंगाचा एकावर लाल ठिपका, एकावर पांढरा. मॅडम म्हणाल्या होत्या, "हे टाकून दे, नवे मागवू." हीच म्हणाली, "कशाला मॅडम? खुणा केल्यात की मी." पुढे ठिपकेही उडाले. मग डाव्या खिळ्यावरचा डाव्या यंत्राचा, उजव्यावरचा उजव्याचा, एवढ्यावर काम चालू राहिलं. त्या खोलीत काम करणारी ती एकटीच. चुकेल कोण?

अठरा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी एक बाई उठून गेली, दुसरी यायची होती, तेवढ्यात मॅडमनी बाहेरून हाक मारली. हिने डोळ्यावरचा गॉगल काढला आणि जवळच्या खिळ्याला अडकवला. तो खिळा दुसऱ्या यंत्राचा होता, त्याचा गॉगल खाली गेला. परत आली तेव्हा दुसरी बाई खुर्चीत झोपली होती, हिने तिच्या डोळ्यांवर प्रकाश अडवणाऱ्या स्टीलच्या वाट्या नीट बसवल्या. मग सवयीने त्या खिळ्यावरचा वरचा गॉगल घातला आणि दुसऱ्या यंत्राने गालाचं काम सुरू केलं. नाकाजवळ आली तेव्हा मारा त्या वाटीच्या चकचकीत कडेवर पडला आणि उलटा आला. तिला फक्त डोळ्यात आतून कुणी टिचकी मारावी तसं वाटलं. एक पांढरा झोत, आणि मग मधोमध राखाडी डाग.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं होतं.

"उरलेला गाल केला. अर्धा गाल करून बाईला घरी पाठवू?"

गॉगल मात्र तिने तेव्हा बदलला. आणि काम संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन डावा डोळा झाकून आरशात पाहिलं. कपाळ होतं, हनुवटी होती. नाक नव्हतं.

हे तिने मला नऊ दिवस सांगितलं नाही. मलाच दिसलं, की ती मोबाइल वाचताना मान कोंबडीसारखी वाकडी करते. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात मी तिला धरलं.

"डावा डोळा झाक."

"काय गं सकाळी सकाळी?"

"झाक म्हणते ना. मी दिसते?"

"दिसतेस की. कान दिसतात, केस दिसतात."

"आणि तोंड?"

"तोंड नाही दिसत तेच बरंय. नुसती कटकट करतं ते." असं म्हणून ती हसली. हसताहसताच ओट्याला टेकून खाली बसली. मग किती वेळ रडली, मी मोजलं नाही. यांना कळू नये म्हणून मी नळ सोडून ठेवला होता.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब, तासभर बाकावर बसणं, मग यंत्रावर हनुवटी. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो आम्हाला दाखवला. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. "आपण नजर जिथे रोखतो, नेमकी ती जागा भाजली आहे," ते म्हणाले. "सूज उतरेल. बाकी किती भरून येईल, मी आज सांगू शकत नाही. कदाचित फारसं नाही. गॉगल कुठे होता?"

"होता," धाकटी म्हणाली. "दुसरा होता."

त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तीन महिने काम बंद. तुमच्या डोळ्यासाठी म्हणत नाही मी. एका डोळ्याने जवळचं अंतर नीट कळत नाही. समोरच्या माणसाचा विचार करा."

"सुट्टी घेतलीच आहे मी," ती म्हणाली.

घेतली नव्हती. त्या क्षणी मी शेजारी बसले होते आणि गप्प राहिले. रिक्षात बसल्यावर मी तिला विचारलं, "मॅडमना कधी सांगणार?"

"काय सांगू? तुम्ही टाकून दे म्हणालात, मी ठेवले, आणि वरून चुकीचा घातला? सगळ्या नव्या मुलींना मीच शिकवते, आई. गॉगल आधी, यंत्र नंतर. माझंच वाक्य आहे ते."

"पण बाळा..."

"भुवया नाही करत मी सध्या. हात, पाय, हनुवटी. तिथे काय होणारे?"

मी त्यावर विश्वास ठेवला, किंवा ठेवायचा असं ठरवलं. हे तर काही जाणतच नाहीत. एकदा आडून विचारलं, की पोरीने काही लपवलं तर आपण बोलावं का, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "दुर्बीण आहे ती. तिला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं." मी उठून आत गेले.

काल रविवार. माझ्या उजव्या भुवईत एक पांढरा केस उभा राहतो, तो ती दर महिन्याला चिमट्याने उपटते. कालही म्हणाली, "ये, तुझा म्हातारा काढते." मी खिडकीशी बसले. तिने माझी हनुवटी धरली, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. चिमटा आला तो केसाच्या बराच अलीकडे मिटला, नुसत्या हवेत. दुसऱ्यांदा कातडी धरली. तिसऱ्यांदा पापणीवर टोक लागलं आणि रक्ताचा थेंब आला.

"हललीस तू," ती म्हणाली.

मी हलले नव्हते. श्वाससुद्धा धरून बसले होते. पण म्हणाले, "हो, हलले असेन."

तिने कापूस आणला, दाबून धरला. बराच वेळ दाबून धरला.

आणि आज रात्री जेवताना ती भाजी वाढून घेत सहज म्हणाली, "उद्या अकराला तुमच्या ग्रंथालयातल्या काकूंची मुलगी येतेय. भुवयांच्या मधलं आणि खालची कड."

या काकू माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. मुलीला जोडलेल्या भुवयांवरून वर्गात चिडवतात, म्हणून त्या हैराण होत्या. दोन महिन्यांपूर्वी मीच छाती फुगवून म्हटलं होतं, माझ्या धाकटीकडे पाठवा, तिचा हात म्हणजे हात आहे.

"भुवया करणार नव्हतीस ना तू?"

"मॅडमनीच वेळ दिली. नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील."

"दुसऱ्या कुणाला दे."

"माझं नाव घेऊन येतेय ती, आई. तुझ्यामुळे."

"काल काय झालं पाहिलंस ना?"

"काल तू हललीस." तिने माझ्याकडे न बघता बाटली उचलली. "त्या वाट्या असतात डोळ्यांवर. काही होत नाही."

हे म्हणाले, "कशाचं काही होत नाही?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काही नाही."

सगळे झोपले आणि मी हे लिहायला बसले. आधी वाटलं, काकूंना कळवावं. मुलीला पाठवू नका, धाकटीला बरं नाही, एवढंच. कुणाचं वाईट होणार नाही, धाकटीलाही कळणार नाही. पण मग परवा दुसरी कुणी येईल, तिच्या आईला मी कशी ओळखणार? त्या वाट्याही धाकटीच बसवते. एका डोळ्याने अंदाज घेऊन भुवईची खालची कड सोडवायला वाटी केसभर सरकवली तर त्या कोवळ्या मुलीच्या डोळ्यात काय जाईल, हे मी डॉक्टरांच्या फोटोत पाहिलंय. टाचणीच्या डोक्याएवढं. तिला पुढची पन्नास-साठ वर्षं समोरच्याचं तोंड दिसणार नाही. आणि तेव्हा माझ्या पोरीला कळेल की हे आपल्या हातून झालं. एक डोळा गेलेला माणूस जगतो. त्यानंतर ती कशी जगेल, मला माहीत नाही.

तिला उठवून पुन्हा समजवावं, हेही मनात आलं. अठरा दिवस ती स्वतःलाच समजावते आहे, माझं काय ऐकणार? सकाळी ती साडेनऊला निघते. त्याआधी भांडण झालं तर रागाने घासही न खाता जाईल, आणि अकराला त्या खुर्चीशी उभी असेलच.

मॅडमचा नंबर माझ्याकडे आहे. धाकटी आजारी पडली होती तेव्हा त्यांनीच दिला होता. त्या आठला क्लिनिक उघडतात, धाकटी तेव्हा आंघोळीला गेलेली असते. नोकरी जाईल बहुतेक. मॅडम चिडतील, नव्या मुलींना कळेल, तिचंच वाक्य तिच्या तोंडावर मारतील. माझ्याशी ती बोलणं टाकेल. दोन दिवसांसाठी नाही, मी तिला ओळखते. यांनाही सगळं सांगावं लागेल, आणि मी नळ सोडून ठेवला होता हेही.

तरी आठ वाजता मी मॅडमना फोन करणार आहे. तिची बाजू मांडायला नाही, तिच्यासाठी रदबदली करायलाही नाही. आधी अकराची वेळ रद्द करा म्हणेन. त्या का म्हणून विचारतील, तेव्हा सांगेन.