मेव्हिसच्या फळीवरच्या डब्या

मेव्हिस ओल्ड्रॉइडने आपल्या नाकावर कधी माशी बसू दिली नाही. हॅगथॉर्पची कोळशाची खाण चालू होती तेव्हा ती दिव्यांच्या खोलीत कामाला होती आणि मी समोरच्या कॅन्टीनमध्ये. मधलं अंगण ओलांडून ती चहाला यायची तीसुद्धा माझ्यावर उपकार केल्यासारखी. "तुझा चहा बिघडला तर माणूस तोंड वाकडं करतो, ग्वेन," ती म्हणायची. "माझा दिवा बिघडला तर माणूस वर येत नाही." खरं होतं म्हणूनच ते जास्त झोंबायचं.

तिच्या खोलीत भिंतभर खुंट्यांच्या मांडण्या होत्या आणि त्यांच्यावर प्रत्येकाचा दिवा रात्रभर चार्ज होत असायचा. दिवा टोपीला आणि त्याची जडशीळ बॅटरी कमरेला. ज्याचा नंबर त्याचाच दिवा. दुसऱ्याच्या दिव्याला हात लावायची सोय नव्हती, मग तो मॅनेजर का असेना. पाळीवर जाणारा माणूस खिडकीशी यायचा आणि मेव्हिस आधी विचारायची, "जवळ काही आहे?" म्हणजे काड्या, सिगारेटी, लायटर. खाली वायू असायचा, एका ठिणगीने सगळ्यांची राख झाली असती. माणूस खिसे रिकामे करायचा, दिवा घ्यायचा आणि त्या रिकाम्या खुंटीला आपला पितळी बिल्ला अडकवून जायचा. बिल्ला खुंटीला म्हणजे माणूस खाली. पाळी संपली, दिवे परत आले, बिल्ले ज्याच्या त्याच्या खिशात गेले, की मेव्हिस दारात येऊन अंगणभर ओरडायची, "सगळे वर!" माझा नवरा क्लिफ खाली असायचा. तिची ती आरोळी ऐकेपर्यंत मी हातातला कप पुसतच राहायचे.

पुढे खाण बंद झाली. मेव्हिस बरीच वर्षं सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसली, मी क्लिफला आणि त्याच्या कबुतरांना सांभाळत बसले. मग तिच्या भाच्याने, डॅरेनने, जुन्या पोस्टाच्या जागेत व्हेपचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या वाफेच्या सिगारेटींचं दुकान काढलं. चार दिवस मदतीला म्हणून मेव्हिस गेली आणि पाचव्या दिवशी दुकान तिचं झालं. डॅरेनलाही ते जरा उशिराच कळलं.

वाफेच्या स्वादांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आंबा असो की पुदिना, ते ती डॅरेनवर सोडायची. पण चार्ज करायचे सेल, ती अंगठ्याएवढी जाड आणि जरा लांब नळकांडी, ते मात्र तिच्या हाताखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसत. डॅरेनने एकदा कुठून तरी स्वस्तात खोकंभर सेल आणले. वर छापलेला क्षमतेचा आकडा बघून कुणालाही वाटावं की यावर बस चालेल. मेव्हिसने एक उचलला, तागडीत टाकला, वजन बघितलं आणि खोकं जसंच्या तसं परत पाठवलं. एवढ्याशा नळकांड्यात मावून मावून किती मावणार, आणि आत भरलंय तर मग हलका कसा, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकाला ती आधी त्याचं यंत्र दाखवायला लावायची, ते किती वीज ओढतं ते बघायची आणि मग सेल काढायची. "मोठ्या आकड्याला भुलू नकोस," ती सांगायची, "न तापता सलग किती दम धरतो ते विचार. लग्नाआधी एवढी चौकशी केली असतीस तर तेही टिकलं असतं."

सेलवरचं प्लास्टिकचं वेष्टण जरा जरी फाटलेलं दिसलं तरी ती तो काढून घ्यायची. नवं वेष्टण चढवून फुकट परत द्यायची. पोचा आलेला असला तर मात्र परत मिळायचा नाही. ज्या यंत्राला दोन सेल लागतात त्याच्या सेलांची ती जोडी लावायची आणि दोघांवर एकच नंबर घालायची. एकत्र आणले, एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे. चार्जरही तसाच: प्रत्येक सेलला आपलं घर हवं आणि पोट भरलं की त्याचं त्याला थांबता यायला हवं. फोनचा सापडेल तो प्लग चालायचा नाही, पलंगावर, सोफ्यावर ठेवायचं नाही, घर झोपलेलं असताना तर नाहीच. दुकानातल्या चार्जरवरून ती जाता-येता उलटा हात फिरवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. खाणीतही ती हेच करायची.

क्लिफला सिगारेटीवरून व्हेपवर आणला तोही तिनेच. त्याची अर्धी फुप्फुसं कोळशाच्या धुळीने गेलेली, उरलेली तो पंधराव्या वर्षापासून स्वतःच्या हाताने जाळत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता सिगारेट सुटली नाही तर घरात ऑक्सिजनची नळी येईल, आणि नळी आल्यावर फार दिवस नसतात. मी चाळीस वर्षं ओरडून जे झालं नाही ते मेव्हिसने एका दुपारी करून दाखवलं. मला आनंद झाला आणि रागही आला. पण वसंतात क्लिफ कबुतरांच्या खुराड्यापर्यंतचा चढ न थांबता चढला, तेव्हा मी राग गिळला.

आता तो रविवार. भाजलेलं मांस, यॉर्कशायर पुडिंग, रस्सा, सगळं टेबलावर. क्लिफचं जाकीट खुर्चीच्या पाठीला. मला कसलातरी जळका, गोडसर वास आला. मला वाटलं ओव्हनमध्ये काही राहिलं. इतक्यात जाकिटाच्या खिशातून सुस्स असा आवाज आला आणि धूर निघाला. क्लिफने खिशात हात घातला, किंचाळला, आणि जाकीट तसंच उचलून मागच्या दाराने अंगणात भिरकावलं. बाहेरच्या फरशीवर त्याच्या बापाची पितळी डबी पडली, लाल-निळी झालेली, आणि तिच्यातून फटाक्यासारखी आग निघाली.

ती डबी मला चांगली माहीत होती. खाली सिगारेट चालत नसे म्हणून खाणकरी तंबाखू चघळायचे, आणि प्रत्येकाची आपली पितळी डबी असायची, झाकणावर नाव कोरलेली. क्लिफच्या बापाचा देह खाणीतून वर आणला तेव्हा त्याच्या खिशात तीच होती. तंबाखू सुटली, सिगारेट सुटली, पण डबी कशी सुटणार? रिकामी फिरवायला बरं वाटेना म्हणून आमच्या शहाण्याने तिच्यात व्हेपचे दोन जादा सेल ठेवले. आणि शेजारी खुराड्याची जादा किल्ली. पितळेची डबी, लोखंडाची किल्ली आणि मधे दोन भरलेले सेल; दोन्ही टोकांना धातू टेकला की सेल पेटणारच.

त्याचा तळवा भाजला. पट्टी बांधून घेतली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि येताना सिगारेटचं पाकीट घेऊन आला. "पन्नास वर्षं ओढली," म्हणाला, "एकीनेही माझं जाकीट जाळलं नाही." दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं हे ठीक, पण हा गडी ताक सोडून परत उकळत्या दुधाकडे निघाला होता. मागच्या अंगणात त्याचा जुना खोकला सुरू झाला.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत मी मेव्हिसपुढे उभी. तोंडाचा पट्टा सोडला. ते सेल तू विकलेस, तू माझा नवरा जाळलास, फार दिव्यांची राणी समजतेस स्वतःला.  तिचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तिने एवढंच विचारलं, "सेल होते कशात?"

"बापाच्या डबीत."

"मी प्लास्टिकची पेटी दिली होती त्याला."

ती पेटी मला आठवली. "तिच्यात तो मासे धरायचे गळ ठेवतो," मी म्हटलं.  मेव्हिस मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. बाहेर आली ती कोट घालूनच.

मला वाटलं, आता आमच्या स्वयंपाकघरात प्रवचन होणार, आणि प्रवचन झालं तर क्लिफ हट्टाने पाकिटंच्या पाकिटं ओढणार. सुंभ जळला तरी पीळ न जळणारी जात. तो टेबलाशी बसला होता, पुढ्यात चहा. मेव्हिसने ना 'कसा आहेस' विचारलं, ना भाजलेला हात बघितला. ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली, खिडकीत उभी राहायची तशी ताठ, आणि म्हणाली, "जवळ काही आहे?"

देवाशपथ सांगते, माणसाचं डोकं काही विचार करायच्या आत त्याचा हात खिशात गेला. पाकीट टेबलावर आलं. लायटर आला. मग थोडं थांबून ती डबीही आली, काळवंडलेली, बापाचं नाव तरीही वाचता येणारी. आपण काय केलं ते क्लिफला मग कळलं. त्याने मेव्हिसकडे पाहिलं. "ही फेकायची नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पोरासारखा झाला होता.

"फेकतंय कोण? माझ्याकडे ठेवून जायची. खाली जाताना सिगारेटी ठेवायचास तशी." तिने कोटाच्या खिशातून एक पितळी बिल्ला काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याच्यावर क्लिफचाच जुना नंबर ठोकलेला होता. खाण मोडली तेव्हा भंगारवाल्याच्या ढिगातून तिने बिल्ल्यांची अख्खी पेटी उचलून आणली होती आणि आजवर कुणाला बोलली नव्हती. "हा दाखवशील तेव्हा डबी परत. कारण विचारणार नाही."

"आणि ओढू काय?"

तिने दुसऱ्या खिशातून प्लास्टिकची पेटी काढली. आत दोन नवे सेल, दोघांवर तोच नंबर. "हा तुझा दिवा," म्हणाली. "यात गळ ठेवलेस तर बघ."

क्लिफ हसला. हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता पेटी खिशात घातली. पाकीट आणि लायटर मेव्हिसच्या कोटात गेले. तिने माझ्या हातचा चहा घेतला, आणि पहिल्यांदाच त्याला नावं ठेवली नाहीत.

गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागतो? आठवडाभरात एकेक म्हातारा दुकानात येऊ लागला, इकडेतिकडे बघत, खिशात हात घालून. निम्म्या गावाच्या खिशात तेच निघालं: बापाची, आज्याची, भावाची डबी आणि आत सेल. कुणी नाण्यांसकट, कुणी खिळ्यांसकट. मेव्हिस कुणालाही बोलली नाही. गल्ल्यामागे तिने एक फळी ठोकून घेतली, डब्या घासून ओळीने मांडल्या आणि प्रत्येकाला त्याचा बिल्ला दिला. एकदा एक जण खरंच डबी मागायला आला. तिने बिल्ला घेतला, डबी काढून दिली. दुसऱ्या दिवशी तो ती परत ठेवून गेला.

क्लिफचा बिल्ला त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला आहे. नळी घरात आलेली नाही. परवा कबुतरांच्या शर्यतीच्या दिवशी तो चढ चढून गेला आणि वरून मलाच ओरडला की चल लवकर.

त्या संध्याकाळी मी मेव्हिसकडे गेले तर ती दुकान आवरत होती. चार्जरमधले सेल काढले, उलट्या हाताने तपासले, वायरी ओढून ठेवल्या. मग फळीसमोर उभी राहून डब्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. एकही जागा रिकामी नव्हती.

"सगळे वर," ती हळूच म्हणाली. मी तिथे आहे हे बहुतेक ती विसरली होती.

 इतक्या वर्षांत तिला जे कधी म्हटलं नव्हतं ते मी म्हटलं. "तुझा एकही दिवा कधी विझला नाही, मेव्हिस."

तिने कोट चढवला, बटणं लावली, दार उघडून धरलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.