काचवाले भाऊजी

भाऊजी उमेशच्या छातीवर बसले होते. उमेश माझा धाकटा मुलगा. थोरला दत्ता सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत उतरला होता आणि आतच पडला होता. त्याला काढायला उमेश उतरणार, तेवढ्यात भाऊजींनी त्याला मागून ओढून पाडलं. "काका, सोडा, दादा हाय आत!" असं उमेश ओरडत होता. त्यांच्या मनगटाला कडकडून चावला. रक्त आलं, तरी ते उठले नाहीत. "कुणी उतरायचं नाही. फायर ब्रिगेडला फोन लावा. दुसरं झाकण उघडा," एवढंच म्हणत होते, तेही आवाज न चढवता. टाकीतून काही ऐकू येत नव्हतं. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. लोक सांगतात, मी "सोडा त्याला, जाऊ द्या" म्हणाले. म्हणाले असेन.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या मांजरी गावातल्या ऊस पिकवणाऱ्या घरातून आयटीआय करून बाहेर पडलेले पहिलेच. समुद्राकाठच्या एका अणुप्रकल्पात ते नोकरीला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. काम कचऱ्याचं. मी चौथी शिकलेली, मला समजेल असं त्यांनी सांगितलं होतं. भट्टीत जळून झालेलं इंधन अॅसिडमध्ये विरघळवतात, कामाचं तेवढं काढून घेतात. उरतं ते पाणी सगळ्यांत वाईट. जाळ न लावता आपलं आपण तापतं. ते आधी जमिनीखालच्या स्टीलच्या टाक्यांत गार करत ठेवायचं, मग काचेत घालून वितळवायचं आणि जाड डब्यात ओतून झाकण जोडून टाकायचं. हे सगळं भिंतीपलीकडून. भिंतीत हातभर जाड पिवळी काच, त्यातून बघत लोखंडी हातांनी काम करायचं. गावाला यातलं काच तेवढं कळलं. म्हणून ते काचवाले.

"काचवाले, अंधारात चमकता का हो?" पारावरची माणसं विचारायची. "चमकत असतो तर लाइटबिल कशाला भरलं असतं?" असं म्हणून ते पुढं जायचे. हसायचे नाहीत.

घरात शिरताना ते उंबऱ्यापाशी थांबायचे. आधी डावा तळपाय उलटा करून बघायचे, मग उजवा, मग दोन्ही हात समोर धरायचे. तिकडे रोज सुटताना, तिथलं काही अंगाला चिकटलंय का ते बघायला, हातपाय यंत्रात घालावे लागत. घंटा वाजली तर धुवायचं, पुन्हा घालायचं. घंटा थांबेपर्यंत घरी जाणं नाही. रिटायर झाल्यावरही ते तसेच थांबायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, इथे कोण घंटा वाजवणार आहे? मी?" म्हणाले, "तुम्ही न वाजवताही वाजते, वहिनी."

त्यांची लग्नातली अंगठी तिकडेच राहिली. नियम असून एकदा काढायची विसरले. यंत्र वाजलं. हात धुऊन सुटला, अंगठी काही सुटेना. ती कचऱ्यात गेली. बारीकसारीक कचरा सिमेंट ओतून पिंपात गाडतात, तशी. माझी जाऊ आठवडाभर बोलली नव्हती. "नवी करून घ्यायला काय झालं होतं?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "अंगठी माझी होती. चूकही माझीच. ती हातात नाही म्हणून रोज आठवते." जाऊ पुढे लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. आम्हाला जमिनीच्या बदल्यात बिल्डरने जे फ्लॅट दिले, त्यातला एक भाऊजींच्या वाट्याचा. तिथे एकटे राहायचे, जेवायला माझ्याकडे.

जेवताना मी त्यांना खिजवायची. "इतकी वर्षं राबलात, त्या कचऱ्याचं शेवटी केलंत काय?"

"काही नाही. कोंडला."

"मग तो संपणार कधी?"

"आपल्यात कुणी बघायला नसेल. पणतूच्या पणतूला राखण करावी लागेल."

"तुम्हाला तर पोरच नाही."

"म्हणून तर दुसऱ्यांची पोरं आपली धरून चालावं लागतं," म्हणाले आणि ताक मागितलं.

दत्ता सोसायटीचा चेअरमन होता. त्या रविवारी टाकीचा पंप अडकला. दत्ताने माणूस बोलावला नाही. आमच्या घरातले पुरुष पिढ्यानपिढ्या विहिरीत उतरत आलेले. मोटार अडकली की लंगोट लावून खाली, अडकलेली चिंधी ओढून काढली की वर. त्याला टाकी म्हणजे विहीरच वाटली. सासरे विहिरीतही आधी कंदील सोडायचे, खाली हवा वाईट असली की तो विझायचा; विझला नाही तरच उतरायचे. विजेची मोटार आली तसे कंदील गेले. भाऊजी दूध घेऊन येत होते. त्यांनी लांबून "दत्ता, थांब" म्हणून हाक मारली. तोवर त्याचं डोकं खाली गेलं होतं.

कुणीतरी मांडववाल्याचा मोठा पंखा आणला. तो टाकीच्या तोंडाशी लावायला भाऊजींनी बसल्या जागेवरूनच सांगितलं. फायर ब्रिगेडची माणसं पाठीवर हवेची नळकांडी लावून उतरली आणि दत्ताला वर घेऊन आली. डॉक्टरकडे नेलं. न्यायचं म्हणून नेलं.

त्यानंतर गाव जे बोलायचं ते बोललं. "पुतण्या आत मरतोय आणि हा दुसऱ्याच्या उरावर बसलाय." "पोटचा असता तर बसला असता का?" दत्ताच्या बायकोने, माझ्या सुनेने, त्यांना ताट वाढणं सोडलं, म्हणून मी वाढायला लागले. उमेश खराडीला कंपनीत जायचा, संध्याकाळी यायचा, काका समोर दिसले की दुसऱ्या जिन्याने जायचा. भाऊजी कुणालाच काही समजावायला गेले नाहीत.

दत्ताचे दिवस झाल्यावर मी एकदाच विचारलं. ते जेवत होते.

"भाऊजी, तो गेला हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?"

"नाही."

"म्हणजे जिवंत असेल असं वाटत होतं?"

"असेलही, असं वाटत होतं."

"आणि तरी धरलंत?"

त्यांनी घास ताटात ठेवला. "आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, वहिनी. ठाऊक नसेल तिथे दुसरा माणूस पाठवायचा नाही. तिकडे आम्ही पहिल्या दिवशी हे शिकतो. त्याच्यापुढचं मला काही येत नाही."

मी त्यांना माफ केलं का, असं बायका विचारतात. माफ करायला मी कोण? मी भाकरी टाकत राहिले, ते खात राहिले. बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. खिजवायचं मला सुचेना.

गेल्या वर्षी ते गेले. लोकांना लगेच तिकडच्या कामाचा आजार वाटला. तसलं काही नव्हतं. हृदय बंद पडलं, दुपारी, खुर्चीत. उमेशला फोन केला, तो ऑफिसातून आला. अग्नी त्याने दिला. कुणाला सांगावं लागलं नाही. घरी येऊन अंघोळ केली आणि गॅलरीत बसून राहिला. मी चहा दिला तो घेतला.

दोन मुलगे होते मला. उमेश जगला.