हाडातून ऐकलेलं व्हायोलिन

माझ्या बायकोचे मामा हे गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतले सर्वांत भित्रे गृहस्थ आहेत, यात वाद नाही. ज्या हजार गोष्टींना ते भीत आले त्यांतल्या नऊशे नव्व्याण्णव कधी घडल्या नाहीत. एक घडली, निदान घडली असं त्यांना वाटलं, आणि ती मी घडवली. हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे मी मामांच्या भित्रेपणाच्या गमती सांगणार आहे. त्या वाचून कोणाला हसू आलं तर जरूर हसावं, पण त्या सगळ्यात जास्त भित्रा मीच होतो हे लक्षात ठेवून हसावं.

मामा लाटंबार्से गावात राहतात. घरामागे काजूची बाग, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला सात माड. आपल्याच अंगणातून रस्त्यावर जाताना मामा डोक्यावर जेवणाचा पाट धरतात. नारळ पडला तर पाटही फुटेल आणि डोकंही फुटेल, असं मी त्यांना एकदा म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "आधी पाट फुटात, मागीर डोक्या. मधी जरा वेळ गावता मरे!" त्या मिळालेल्या वेळात ते काय करणार होते, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागे बसत नाहीत, कारण समोरून धडक बसते. शेवटच्या बाकावरही बसत नाहीत, कारण मागूनही बसते. मग डिचोलीपर्यंत मधोमध उभे राहतात, दोन्ही हातांनी दांडा धरून, आणि व्हायोलिनची पेटी पायांच्या मध्ये. मोप्याला विमानतळ झाला आणि मामांच्या आयुष्यात वरच्या बाजूनेही संकट आलं. "इतक्या जड वर गेला म्हणजे खाली येवचाच ना? आणि ता खंय येतला ता तेंका तरी खंय म्हायत!" विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून ते छपराखाली जातात. कौलांचं छप्पर विमानापुढे काय करणार, हा प्रश्न त्यांना पडत नाही. डॉक्टरकडे मात्र ते जन्मात गेले नाहीत. "डॉक्टराक कायएक विचारूचा नाय," ते मला बजावत. "विचारलां तर सांगतत."

असा हा माणूस हनुवटीखाली व्हायोलिन धरलं की वेगळाच व्हायचा. लहानपणी शेजारच्या गावातल्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या संगीत-मास्तरांकडे ते शिकले. पुढे चाळीस वर्षं गावोगावच्या नाटकांना आणि भजनांना त्यांनी साथ केली. आमच्या चौघांच्या वाद्यवृंदात ते आले तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. मी पन्नाशीचा, माझी गिटार. मेंडोलिनवर सानिका, बावीस वर्षांची, आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. तिच्या कॉलेजातला एक मित्र युकुलेली वाजवायचा. मामा एकटे त्या दोघांच्या वयाच्या बेरजेपेक्षा पंचवीसेक वर्षांनी मोठे. दर रविवारी दुपारी माझ्या डिचोलीच्या घरी आम्ही बसायचो. भजनाच्या ठेक्यावर सुरुवात व्हायची, मामा ती चाल हळूच मांडो या गोव्याच्या जुन्या नाचगाण्याच्या झोक्यावर न्यायचे आणि सानिका तिथून ती कुठल्या तरी परदेशी ढंगात घालायची. तिने पहिल्यांदा ब्लूज ऐकवला तेव्हा मामा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "रडगाणा आसा. पण रडणारो पोटभर जेवलेलो दिसता." सानिका हसून हसून खाली बसली आणि मामांनी तेच रडगाणं तिथल्या तिथे असं वाजवलं की ती उठून त्यांच्या पाया पडली.

माइकची मात्र त्यांना विमानापेक्षा जास्त भीती. माइकमधून शॉक बसतो हे त्यांनी नाटकाच्या दिवसांत कुठे तरी पाहिलं होतं. म्हणून कार्यक्रमाला काळा कोट, पांढरी पँट, आणि पायांत रबरी चपला. त्यातून मी वीज खात्यातला. माझा हुद्दा बिलांच्या टेबलावरचा आहे, विजेच्या तारेला मी कधी हात लावलेला नाही, पण मामांच्या लेखी वीज माझ्या घरची. कार्यक्रमाआधी मी त्यांच्या माइकला तळहात लावायचा, तो क्षणभर तसाच ठेवायचा आणि मान डोलवायची, तेव्हाच ते माइकजवळ यायचे. "तू हात लावलंस म्हणजे मी निर्धास्त," असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे. निर्धास्त हा शब्द मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी ऐकलेला नाही.

या सगळ्या भीत्यांच्या तळाशी एक खरी भीती होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यांचे ते चर्चमधले मास्तर अखेरीस ठार बहिरे झाले. तरीही ते वाजवायचे, कारण व्हायोलिन हनुवटीखाली दाबलं की सूर जबड्याच्या हाडातून आत जातो. स्वतःचं वाजवणं त्यांना ऐकू यायचं. समोर बसलेल्या पोराचं नाही. ते समोरचं पोर म्हणजे मामा. "मी वाजवी, आणि ते म्हज्या बोटांकडे बघीत. बघूनच बरां बरां म्हणीत. तसा नको रे बाबा," मामा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

आता माझ्या चुकीकडे येतो. मांद्र्याला समुद्राजवळच्या एका गेस्टहाउसच्या अंगणात संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता. आम्हाला ऐकायला पणजीहून एक गृहस्थ येणार होते. त्यांना आवडलं तर पुढे मोठ्या व्यासपीठावर बोलावणं येणार होतं. मला या वयात ते बोलावणं फार हवं होतं. सानिकाने नवी रचना बांधली होती, शेवटाला खूप जलद. मामांचा दोष एकच. भीती वाटली की त्यांची लय पुढे पळते. तालमीत तीनदा डोक्यावरून विमान गेलं आणि तिन्ही वेळा मामा आमच्या आधी समेवर पोचून आमची वाट बघत बसले. मांद्र्याच्या आकाशातूनही विमानं जातात. मामांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांच्या माइकला तळहात लावला, मान डोलवली, त्यांचं "निर्धास्त" ऐकलं, आणि खाली जाऊन आवाजाच्या मशीनवर बसलेल्या माणसाला म्हणालो, "मी अंगठा खाली केला की व्हायोलिनचा आवाज बंद करायचा. एकाच गाण्यापुरता."

कार्यक्रम नव्या रचनेनेच सुरू झाला आणि मी अंगठा खाली केला. रचना उत्तम झाली. विमान काही आलं नाही. त्यानंतर मशीनवाला आवाज परत द्यायला विसरला. ते मला पुढच्याच गाण्यात कळलं. अंगठा वर करायला मला किती वेळ लागला असता? पण टाळ्या पडत होत्या, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मला वाटलं, राहू दे. मामा तासभर जीव ओतून वाजवत होते, रबरी चपलांनी ताल धरत होते. हनुवटीखाली त्यांना स्वतःचा सूर मिळत होता, शेजारी बसलेल्या आम्हालाही मिळत होता, समोरच्या कोणालाच मिळत नव्हता. शेवटी पणजीचे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "छान! आणि ते म्हातारे गृहस्थ वाजवण्याचा अभिनय काय सुंदर करतात हो!" मी हसलो. त्या हसण्याची मला अंगठ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

चार दिवसांनी मशीनवरून घेतलेलं ध्वनिमुद्रण सानिकाच्या मोबाइलवर आलं. तिने ते लगेच मामांनाही पाठवलं आणि मग स्वतः ऐकलं. ती धावतच माझ्याकडे आली. "काका, यात मामा कुठे आहेत?"

"माइकचं काही तरी झालं असेल," मी म्हणालो. "मामांकडे विषय काढू नकोस. त्यांना वाईट वाटेल." असं मी त्या पोरीच्या तोंडालाही कुलूप घातलं, आणि वर तिला ते शहाणपण वाटलं.

पुढच्या रविवारी मामा आले नाहीत. निरोप आला की थंडी बाधली आहे. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. तिसऱ्या रविवारी बायको लाटंबार्शाला जाऊन आली आणि स्वयंपाकघरात पिशवी ठेवता ठेवता हसायला लागली. मामा म्हणे सकाळी पाववाल्या पोदेराची वाट बघत फाटकाशी डोळे मिटून उभे राहतात. सायकलचा भोंपू वाजला की हात वर करतात. काल पोदेराने गंमत म्हणून भोंपू न वाजवताच सायकल जवळ आणली आणि हात काही वर झाला नाही, म्हणून त्याने कानाशी येऊन असा भोंपू दाबला की मामांच्या हातातला पाट खाली पडला. "पोदेर म्हणतो, मामा पाव नको तर सांगा, पण हात वर करून शरण कित्याक येतात?" ती हसत होती, आणि मग एकदम हसायची थांबली. "आणि विमान आलं की हल्ली छपराखाली जात नाहीत हो. अंगणात मान वर करून उभे राहतात. मी विचारलं, तर म्हणाले, ऐकतंय. त्यांना झालंय तरी काय?"

त्यांना काय झालंय ते मला कळलं. मामांनी ते ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. त्यात त्यांना गिटार ऐकू आली, मेंडोलिन ऐकू आलं, युकुलेली ऐकू आली, आणि स्वतःचं व्हायोलिन तेवढं ऐकू आलं नाही. घरी वाजवताना ऐकू येत होतं, पण ते तर हाडातून. हाडाचा काय भरवसा! मास्तरांनाही तसंच यायचं. कोणाला विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता, पण विचारलं तर सांगतात.

तरीही मी गेलो नाही. ऑफिसात फोन वाजला की तो मामांच्याबद्दलच असेल असं वाटायचं. पणजीचं बोलावणं आलं, ते मी टेबलाच्या खणात ठेवून दिलं. जिना उतरताना कठडा धरू लागलो. मामांच्या हजार भीत्या त्यांच्याकडून माझ्याकडे मुक्कामाला आल्यासारखं झालं होतं. शेवटी बायकोने निरोप आणला. "मामा व्हायोलिन सानिकाला देतायत. तुम्ही येऊन घेऊन जा म्हणाले. ऐकू येणाऱ्याच्या हातात वाद्य असावं, असं काही तरी बोलले. मला काही कळलं नाही. तुम्हाला कळतंय?"

रविवारी सकाळी मी गेलो. मामा ओसरीवर बसले होते. पेटी समोर, पुसून चकचकीत केलेली, वर नवं फडकं घातलेलं. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"घेवन जा. चार तारी नव्यो घातल्यो आसत. पोरीक सांग, उन्हात ठेवची नाय."

"मामा, तुम्ही वाजवा ना जरा."

"म्हाका येता ऐकाक," ते म्हणाले आणि त्यांनी जबड्यावर बोट ठेवलं. "हंयसून येता. हंयसून नाय." दुसरं बोट कानावर.

मला काय सुचलं कोण जाणे. मी पेटी उघडली, व्हायोलिन काढलं, अंगण ओलांडून विहिरीपलीकडे गेलो, सातही माडांच्या पलीकडे, आणि त्यांच्याकडे पाठ करून गज ओढला. मी व्हायोलिन कधी हातात धरलेलं नव्हतं. जो आवाज निघाला त्याने कुंपणावरचे कावळे उडाले. मी परत ओढला.

"अरे, रे, रे!" ओसरीवरून ओरडा आला. "दुसरी तार उतरलीसा! खुंटी पिळ तिची! आणि गज मारतंस कित्याक तिका? ओढ, ओढ!"

मी वळलो. मामा उठून उभे राहिले होते. मग आपण काय बोललो, आणि ते कशाने ऐकलं, हे त्यांच्याच ध्यानात आलं असावं. ते पायरी उतरले, आणि पाट न घेता, माडांखालून, माझ्यासमोर येऊन थांबले.

"मगे त्या मोबाइलात म्हजां कित्याक नाय?"

त्यांनीच माझ्यासाठी उत्तर शोधलं. अगदी हळू, मला जपून विचारल्यासारखं ते म्हणाले, "वायर सुटलेली असतली. न्हय रे? तू वीज खात्यातलो. तुका कळता. तू म्हणशी तर तसाच."

हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. माझ्या तळहातावर त्यांनी एवढी वर्षं विश्वास ठेवला होता. वर कुठे तरी विमानाची घरघर सुरू झाली. मामांनी मान वर केली नाही. ते माझ्याकडेच बघत होते.

"वायर सुटली नव्हती, मामा," मी म्हणालो. "तुमच्या माइकला हात लावून मीच खाली गेलो आणि तुमचा आवाज बंद करायला सांगितला. तुम्ही लय सोडाल, अशी मला भीती वाटली. नंतर तो परत द्यायचा राहिला, ते मला दिसलं, तरी मी गप्प बसलो. एवढे दिवस गप्प बसलो. तुमचे कान चांगले आहेत, मामा. माझं चुकलं. मला माफ करा."