काद्रीची काथवट आणि माझा साबण

आजवर माझ्या हातून एकच खून झाला आहे, आणि तो भांडी घासायच्या साबणाने झाला. मयत म्हणजे आंबवलेल्या पिठाचा एक गोळा. राहणार एस्टोनिया, वय काद्री नावाच्या बाईच्या पणजीइतकं, तात्पुरता मुक्काम सिंगापुरात, बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉंडोत (म्हणजे आपली सोसायटीच), स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

एस्टोनिया हा युरोपच्या वरच्या कोपऱ्यातला एक चिमुकला देश. चांगी बिझनेस पार्कातल्या माझ्या ऑफिसात त्याचं नाव निघालं की सॉफ्टवेअरबद्दल बोलतात. आमच्या घरात मात्र तो पावातून शिरला, आणि त्याला आत घेतलं माझ्या बायकोने. मुग्धा एका बँकेत जोखीम तपासायचं काम करते. म्हणजे आठवडाभर लोकांना ‘नाही’ म्हणायचा तिला पगार मिळतो. त्याची भरपाई ती शनिवार-रविवारी करते आणि दिसेल त्या खुळाला ‘हो’ म्हणते. मातीची भांडी झाली, योगासनं झाली (आमच्या सोफ्यावर अजून एक चटई गुंडाळून पडलेली आहे), आणि मग आलं ‘आर्टिझनल’.

आर्टिझनल म्हणजे काय, ते मी सांगतो. पूर्वी जे सगळ्यांच्या घरी होत असे आणि आता कुणाच्याच घरी होत नाही, ते एका दाढीवाल्याने तपकिरी कागदात बांधून विकायचं, त्याला आर्टिझनल म्हणतात. वर सुतळीने एक कार्ड बांधलेलं असतं. कार्डावर त्या पदार्थाची गोष्ट. या गोष्टीत एक आजी असते, एक जंगल असतं आणि भरपूर शांतता असते. मी अशी बरीच कार्डं वाचली आहेत. एस्टोनियातल्या एकाही आजीने आयुष्यात नुसती आमटी-भात करून ताणून दिल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

मुग्धाने कॉंडोतल्या लोकांचं चव घेणारं एक मंडळच काढलं. महिन्यातून एकदा आमच्या दिवाणखान्यात बारीक बारीक पेले मांडून एस्टोनियन कारागिरांचा माल चाखायचा. पहिल्या खेपेला बर्च नावाच्या झाडाला भोक पाडून काढलेलं पाणी आलं. साखरेचा रिकामा डबा विसळल्यावर जे उरतं, ती त्याची चव. सगळ्यांनी डोळे मिटले. नवव्या मजल्यावरचे देशपांडे म्हणाले, की त्यांना बर्फ वितळतानाचं जंगल जाणवतंय. देशपांड्यांचा जन्म लातूरचा! मला काय जाणवतंय असं मुग्धाने विचारल्यावर मी म्हणालो, तहान.

दुसऱ्या खेपेला भाजलेल्या धान्यांचं पीठ आलं. ताकात कालवून खायचं. कार्डावर आजी, जंगल, शांतता. मी एक घास घेतला आणि म्हणालो, “मुग्धा, हे सातूचं पीठ आहे.”

“तुला चवच कळत नाही,” ती म्हणाली.

“सातूचं पीठ खायला चव कळावी लागत नाही, भूक लागावी लागते.”

त्यानंतर घरात एक अलिखित करार झाला. माझ्यासमोर पाव, ताक, मध, मासे यांतल्या कशाचाही विषय निघाला की मी टोमणा मारतो, म्हणून माझ्यासमोर तो विषय काढायचाच नाही. मला याचा विजयच वाटला. पुढे जे घडलं त्याचं मूळ या करारात आहे.

तर काद्री. एस्टोनियातल्या एका खेड्यात ती राय नावाच्या तिकडच्या धान्याचा काळा पाव भाजते. इथल्या खाद्यमेळ्यासाठी ती सिंगापूरला येणार होती आणि तिला भट्टी हवी होती, कारण हॉटेलच्या खोलीत चहापलीकडे काही करू देत नाहीत. मुग्धाने अर्थातच ‘हो’ म्हटलं. आमच्याकडे ओव्हन आहे. त्यात आम्ही कढया, झारे आणि न वापरलेला ढोकळ्याचा साचा ठेवतो. ते सगळं बाहेर काढून माझ्या अभ्यासाच्या टेबलावर मांडण्यात आलं.

मला वाटलं होतं, बाई येईल ती मंडळाच्या भाषेत बोलेल. पण काद्री उंच, लालसर हातांची, कामाची बाई निघाली. अडल्याशिवाय एक शब्द बोलत नसे. जंगल, शांतता वगैरे सगळं आमच्या कॉंडोतले लोकच तिच्या वतीने बोलत. तिने एकच गोष्ट सांगितली, तीही पीठ मळता मळता, भाजीचा भाव सांगावा तशी. शनिवारी मेळ्यात एका मोठ्या हॉटेलचा माणूस तिचा पाव चाखायला येणार होता. त्याला आवडला तर वर्षभराचं काम मिळेल आणि खेड्यातली भट्टी चालू राहील. नाही आवडला तर ती भट्टी बंद करून शहरातल्या पावाच्या कारखान्यात नोकरी धरेल. यावर काय टोमणा मारावा हे मला सुचेना, म्हणून मी बाहेर जाऊन बातम्या लावल्या.

गुरुवारी तिने पहिला पाव करून पाहिला आणि ती हॉटेलवर गेली. शुक्रवारी संध्याकाळी येऊन शनिवारचे पाव भाजायचे होते. जाताना तिने आपली काथवट ओट्यावरच ठेवली. चांगली लांबट, लाकडी, आपल्याकडे भाकरीचं पीठ मळायला असायची तशीच.

शुक्रवारी मी घरून काम करत होतो. मुग्धा बँकेत, आमची मुलगी इरा शाळेत. दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि काथवटीवरचं फडकं उचललं. आत जे दिसलं ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. कानाकोपऱ्यात वाळलेल्या पिठाची पुटं, एकावर एक. तळाशी मीठ भुरभुरलेला एक करडा गोळा. वास आंबट. म्हणजे बाईने कालचं भांडं तसंच खरकटं टाकलं होतं, आणि पुटं बघता काल काय, गेल्या कित्येक वर्षांत ते घासलेलं दिसत नव्हतं.

माझ्यातला सदाशिव पेठी पूर्वज जागा झाला. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात खरकटं भांडं ओट्यावर राहिलं असतं तर घरात सुतक पडलं असतं! इथे मात्र हिच्या पावापुढे सगळं मंडळ डोळे मिटून बसणार. मी मनाशी म्हणालो, जंगल आहे, आजी आहे, शांतता आहे, फक्त घासणी नाही.

शिवाय दुसराही एक विचार होता. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण मी आपणहून एक भांडं घासल्याचं मुग्धाला आठवत नाही, असं ती चारचौघांत सांगते. म्हटलं, आज दाखवूच.

आधी तळाचा गोळा काढून बाजूला ठेवला आणि गरम पाणी ओतून काथवट भिजत घातली. मग साबण. मग तारेची घासणी. पुटं हटेनात, तेव्हा सुरीने कोपरे खरवडले. तरी वास जाईना, म्हणून लिंबू आणि सोडा. ऑफिसची एक मीटिंग मी कानात लावून, हात कोपरापर्यंत फेसात बुडवून पार पाडली आणि दोन वेळा ‘सहमत’ म्हणालो. फडकंही धुतलं. धुतलं ते धुतलं, वर इस्त्री केली. बाजूला काढलेला तो गोळा तेवढा कचऱ्यात टाकवेना. शेवटी अन्न ते अन्न. तो बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत खत म्हणून घातला. मग काथवट उन्हात वाळवली. काय लखलखली होती! आतलं लाकूड असं गोरं निघालं की हे भांडं मेळ्यात ठेवायला हरकत नाही असं वाटलं.

आता राहिलं होतं एकच. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेले बेसनाचे लाडू होते. ते मी काथवटीत गोल रचून ठेवले, वरून इस्त्रीचं फडकं घातलं आणि कृतार्थ होऊन बसलो.

संध्याकाळी मुग्धा आणि काद्री एकदमच आल्या. इरा टेबलापाशी गृहपाठ करत होती. काद्रीने हात धुतले, बाह्या वर केल्या आणि फडकं उचललं. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. (तशीही ती बोलत नसे, त्यामुळे मला शंका आली नाही.) तिने एक लाडू उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. ती लाडवांच्या खाली काहीतरी शोधत होती.

“घे ना,” मी म्हणालो, “घरचे आहेत.”

मुग्धा धावत आली, तिने काथवटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “प्रसाद, तू हे घासलंस?”

“साबणाने,” मी अभिमानाने म्हणालो. “आणि तारेच्या घासणीने.”

इराने पेन खाली ठेवलं. ती इथल्याच शाळेत वाढलेली, तिची भाषाही इथलीच. “अलामाक,” ती म्हणाली, म्हणजे आपलं ‘अरे देवा’. “बाबा, दॅट वन कॅनॉट वॉश लाह.”

कॉंडोतल्या पोराटोरांपासून देशपांड्यांपर्यंत सगळ्यांना जे ठाऊक होतं, ते आमच्या करारापायी मला त्या वेळी कुठे कळलं. तिकडे पावाची काथवट धुवायची नसतेच. आधीच्या पावाचं पीठ त्या लाकडात, त्या पुटांत जिवंत राहतं, आणि तळाला ठेवलेला गोळा हे पुढच्या पावाचं विरजण असतं. काद्रीच्या पणजीपासून ते चालत आलं होतं. त्याच विरजणाचा तुकडा तिच्या बहिणीकडे होता, पण बहीण एस्टोनियात होती आणि शनिवार उद्यावर आला होता.

मी म्हणालो, पीठ आणि पाणीच तर आहे, दुसरं आंबवू. मुग्धा म्हणाली, त्याला आठवडा लागतो, आणि तरी ते हे नसतं. “अरे, लढाया झाल्या, राज्यं बदलली तिकडे. त्यातून जगलं ते. आणि इथे येऊन तुझ्या लिंबू-सोड्याने गेलं.”

काद्री ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हातात राहिलेला लाडू सावकाश खायला लागली. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला फार वाईट वाटलं. इतकं, की एकही टोमणा आठवेना, आणि तिच्या भट्टीला कुलूप लागलेलं मला स्वच्छ दिसायला लागलं.

लाडू संपल्यावर तिने मला पहिल्यांदाच थेट विचारलं, “तळाचा गोळा कुठे टाकलास?”

“कढीपत्त्याला घातला.”

ती बाल्कनीत धावली आणि कुंडीपुढे गुडघे टेकून बसली. मागे मी चमचा घेऊन उभा. गोळा मातीवर पडला होता, बाहेरून उन्हाने वाळून दगड झालेला. त्यावर मुंग्यांची रांग लागली होती आणि कढीपत्त्याची चार पानं चिकटली होती. काद्रीने तो फोडला, नाकाशी धरला आणि हसली. वरचं कवच मिठाने टणक झालं होतं, त्यामुळे आतला लिंबाएवढा गाभा अजून मऊ आणि आंबट होता. तिने गाभा काढून घेतला, बाकीचं परत कुंडीत टाकलं. मग माझ्या गोऱ्यापान काथवटीला कोरडं पीठ चोळून चोळून तिने ती पूर्ववत घाण केली, गाभा कालवला आणि झाकून ठेवला. फडक्याची इस्त्री तिने मुद्दाम चुरगळली, असं मला वाटलं.

सकाळी पाहतो तर पीठ फुगून फडकं वर उचललं गेलं होतं! एस्टोनियात जे व्हायला दीड दिवस लागतो ते सिंगापूरच्या उकाड्याने एका रात्रीत केलं होतं. मुग्धाने कुंकवाची डबी आणायचीच बाकी ठेवली.

मेळ्यात हॉटेलचा तो माणूस आला. या उकाड्यात त्याच्या गळ्यात मफलर होता, त्यावरूनच मी त्याची किंमत केली. त्याने पाव तोंडात टाकला आणि अर्थातच डोळे मिटले. मग म्हणाला, यात काहीतरी आहे. एक पान. रानटी. पाऊस पडून गेलेल्या मातीचा एक दूरचा सूर. मी ‘कढीपत्ता’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुग्धाने माझ्या पायावर पाय दिला. काद्रीने मात्र सरळ सांगितलं, की गोळा कुंडीत पडला होता. त्यावर मफलर इतका भारावला की वर्षभराचं काम त्याने तिथेच दिलं. अट एकच. तो सूर जाता कामा नये.

तेव्हापासून काद्री आपल्या पिठात सुकवलेला कढीपत्ता घालते. तिची भट्टी चालू आहे. गेल्या महिन्यात तिने मंडळासाठी पाव पाठवले. तपकिरी कागद, सुतळी, कार्ड. ते मुग्धाने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, दूरच्या एका उष्ण बेटावर एका वृद्ध, मितभाषी माळ्याने आपल्या मातीत पणजीच्या पिठाला आसरा दिला.

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या हाताखाली चाळीस इंजिनिअर आहेत. आणि मितभाषी? हा खुलासा मी तिथल्या तिथे, सविस्तर केला, पण ऐकायला कुणी डोळे उघडे ठेवले नव्हते. प्रत्येकाच्या तोंडात पाव होता. देशपांडे म्हणाले, माळ्याचा साधेपणा उतरलाय. मुग्धाने एक तुकडा माझ्याही हातात दिला आणि म्हणाली, डोळे मीट, काय जाणवतंय सांग. मी मुकाट्याने मिटले.

मला साबणाची चव लागली.