गुलाबी बॉल

पुण्याच्या मेहुण्याला घेऊन नांदेडच्या मॉलमध्ये बोलिंग खेळायला गेलो होतो. नांदेडची लाज राखायची म्हणून मी सगळ्यात जड, काळा बॉल उचलला. सोडताना माझा अंगठाही त्याच्यासोबत जायला निघाला होता. बॉल समोर पाडायला मांडलेल्या एकाही बाटलीला न शिवता बाजूच्या नालीत गेला. मेहुणा सभ्यपणे मोबाईल बघत राहिला.

शेजारच्या पट्टीवर अर्धापूरकडच्या एक मावशी सुनेबरोबर आल्या होत्या. लग्नाच्या बस्त्याला बसावं तशा त्या बाकावर मांडी घालून बसल्या आणि सुनेकडून एकेक बॉल मागवू लागल्या. मांडीवर घ्यायचा, पदरानं पुसायचा, भोकांत बोटं घालून बघायची. "ह्यो राहू दे बाजूला, दुसरा दाखव." शेवटी बस्त्यात होतं तेच झालं. सगळ्यात आधी दाखवलेला हलका गुलाबी बॉलच पसंत पडला.

"आत्या, ह्याच्यानं सगळ्या बाटल्या पडायच्या न्हाईत," सून म्हणाली.

"मला कुठं सगळ्या पाडायच्या हायत? तिथवर गेला म्हंजे बास."

त्यांनी वाकून दोन्ही हातांनी बॉल सोडला. तो इतका निवांत निघाला, की आजूबाजूचे खेळ थांबवून सगळे बघत राहिले. चार बाटल्या पडल्या, तोवर मावशी परत येऊन बसल्याही होत्या.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि परत आलेला तो गुलाबी बॉल पुढं केला.

"घे बाबा. लई गुणाचा हाय."

मी घेतला. पण मेहुण्यासमोर तो गुलाबी बॉल उचलायला मला काळ्यापेक्षा जास्त जोर लागला.