दरडीचा पत्ता

एकट्या राहणाऱ्या मधमाशीला पोळं नसतं, राणी नसते, मध तर नसतोच. मादी जमिनीत स्वतःचं बीळ खणते, आत परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड लिंपते आणि काही दिवसांत मरून जाते. पीएचडीला मी हा विषय घेतला तेव्हा आई म्हणाली, "मध देत नाई, तं तिचा अभ्यास काऊन करून राह्यली?"

पहिलं वर्ष मी आमच्या कोरपन्याच्या शेतांच्या धुऱ्यांवर, बांधांवर काढलं. जाळीत माशी धरायची, तिचा एक मधला पाय कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा आणि तिला सोडून द्यायचं. त्या पायातल्या डीएनएवरच्या ठरावीक खुणा तपासल्या की कोणती माशी कोणाच्या किती जवळची ते कळतं. कोरपन्यात खुणा जवळपास सारख्याच निघाल्या. कपाशी आणि सिमेंटच्या कारखान्यांमध्ये अडकलेली, आपसातच वाढणारी चार घराणी उरली होती. तुलनेसाठी जंगलातल्या माश्या हव्या होत्या.

भामरागडला तीन आठवडे भटकले. हाती काही लागलं नाही. मी ज्यांच्या घरी राहत होते त्या म्हाताऱ्या माडिया बाईंनी एकदा विचारलं, खाली मान घालून रोज काय शोधतेस? मी सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"दाखवतो. पण कोणाले सांगायचं नाई. एकाले कंद दाखवला, दहा आले. आता कंद नाई."

"नाही सांगणार, बाई."

त्यांनी दाखवलेली नाल्याकाठची दरड चाळणीसारखी झाली होती. शेकडो बिळं, प्रत्येक मादीचं वेगळं. बाई सावलीत बसून माझं काम बघत होत्या.

"पाय घेतला तं ते उडते कशी?"

"पाच राहतात ना."

त्या हसल्या नाहीत.

प्रयोगशाळेत निकाल आले तेव्हा मी खुर्चीतून उठून व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. एका दरडीत इतकी वेगवेगळी घराणी! शोधनिबंधात ठिकाण म्हणून मी फक्त 'भामरागड परिसर' लिहिलं. मार्गदर्शकांनी त्यावर लाल रेघ मारली.

"अक्षांश-रेखांश कुठे आहेत? दुसऱ्याला पडताळता आलं नाही तर ते विज्ञान कसलं?"

"सर, मी तिथल्या बाईंना शब्द दिलाय."

"मग निबंध त्यांनाच वाचून दाखवा."

मी वाद घालू शकले असते. ठिकाण झाकून ठेवता येतं, तशी सोय असते, हे मला माहीत होतं. पण फेलोशिप संपत आली होती आणि प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत तोंडावर होती. माझा हात कोणी धरला नव्हता. ते आकडे मीच टाइप केले, शेवटच्या दशांशापर्यंत.

नोकरी लागली. दोन हिवाळ्यांनंतर पुन्हा गेले, तेव्हा दरड कापून नेलेली होती. मातीचे चौकोनी ठोकळे सरळ रेषेत काढलेले, खाली नमुना क्रमांकांच्या प्लास्टिकच्या चिठ्ठ्या पडलेल्या. एकही बीळ उरलं नव्हतं.

बाई घरीच होत्या. मला बघून दचकल्या, मग माझा दंड चाचपून पाहिला.

"दोन गाड्या आल्या," त्या म्हणाल्या. "कोणाले विचारलं नाई. मोबाइलात पाहत पाहत सीदे तिथी गेले. मंग मले वाटलं, तू मेली. तू तं सांगणार नाई म्हणली होती. मेली, मंग तुये कागद कोणाच्या हाती लागले असन."

मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "हो बाई. कागदच लागले कोणाच्या तरी हाती."

त्यांनी मान डोलावली. मी जिवंत असल्याचा त्यांना खरोखरच आनंद झाला होता. त्यांनी भात वाढला आणि मी तो जेवले, पोटभर.

माझ्या निबंधाचा दाखला अजून दिला जातो. या जातीचं सर्वाधिक वैविध्य त्या दरडीत आहे, असं लोक लिहितात. 'होतं' असं कोणी लिहीत नाही. मीही कळवलेलं नाही.